आनंदीबाईंचा ध्यास आणि आजची गरोदर माता

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, पण तो दहाच दिवस जगला. उपचारांअभावी बाळ गेले, हे दुःख त्यांच्या मनातून गेले नाही. त्यातूनच डॉक्टर होण्याचा निश्चय झाला.

स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे सांगत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूरच्या सभेत मांडले. त्याच वर्षी त्या अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियात मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री विभागासाठी नेमणूकही झाली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. वय अवघे २१.

त्या काळी कोवळ्या वयातले बाळंतपण जिवावर बेतत असे. आज एरंडोल परिसरात आम्हा डॉक्टरांना आणखी एक धोका दिसतो, तो म्हणजे वाढलेले वजन. वजनकाट्यावर उभे राहायला आजही अनेकींना संकोच वाटतो.

भारतीय निकषानुसार बीएमआय २५ किंवा अधिक म्हणजे लठ्ठपणा. उंची १५० सेंटिमीटर असेल, तर गरोदरपणापूर्वी ५६ किलोच्या वर वजन या गटात येते. अशा मातेला गरोदरपणातील मधुमेह, रक्तदाब व झटके, पायात रक्ताची गुठळी, सिझेरियन आणि बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव यांचा धोका वाढतो. बाळ प्रमाणाबाहेर मोठे होऊन प्रसूतीत खांदा अडकू शकतो.

म्हणून दिवस राहण्यापूर्वीच वजन आटोक्यात आणा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने फोलिक ॲसिड सुरू करा. दिवस गेल्यावर मात्र उपाशी राहून वजन उतरवू नका. दोन जिवांसाठी दुप्पट खाण्याचीही गरज नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी घ्या. गोड-तळलेले कमी करा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज चाला. साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करा. सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी होते.

आनंदीबाईंच्या बाळाला वेळेवर डॉक्टर मिळाला नाही. आज तो जवळ आहे; संकोच सोडून त्याच्यापर्यंत पोहोचा.