मुलासाठी महागडं किट घ्यायचं की अंगणातले शंख-शिंपले? ताराबाई मोडकांनी हा प्रश्न ८० वर्षांपूर्वीच सोडवलाय

घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर हा सीन तुमच्या ओळखीचा असणार. रात्री मूल झोपलं की आई-बाबा मोबाईल घेऊन बसतात. एका टॅबमध्ये लाकडी मॉन्टेसरी किट, दुसऱ्यात फ्लॅशकार्ड, तिसऱ्यात होमस्कूलिंगचा वर्षभराचा रेडिमेड अभ्यासक्रम. किंमत बघून छातीत धस्स होतं. पण नाही घेतलं तर आपलं पोरगं मागे पडेल अशी भीतीही वाटते.

मुलाला हाताने शिकू द्यायचं, हे पटलेलं असतं. गाडी अडते ती पुढे. त्यासाठी नेमकं काय आणायचं?

हाच प्रश्न एका मराठी बाईपुढे उभा होता. फरक इतकाच, की तिच्यासमोरची मुलं गुरं राखणाऱ्यांची, मजुरी करणाऱ्यांची होती. किट विकत घेण्याचा विषयच नव्हता. तिने जे उत्तर शोधलं त्यातलाच एक शब्द आज देशभर सरकारी पाट्यांवर दिसतो. तो शब्द म्हणजे अंगणवाडी आणि त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजातले सुधारक, त्यामुळे मुलींनी शिकायचं की नाही हा वाद या घरात नव्हता. ज्या काळात शाळेत जाणारी मुलगी दिसली तरी लोक वळून बघायचे, त्या काळात, म्हणजे १९१४ साली, ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या.

पुढच्याच वर्षी लग्न झालं. पती कृष्णराव मोडक अमरावतीत वकिली करायचे. १९२० मध्ये मुलगी झाली, तिचं नाव प्रभा. पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास ताराबाई लहानग्या प्रभाला घेऊन बाहेर पडल्या. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, एकटीने मूल वाढवणारी बाई, आणि साल १९२१. लोक काय बोलले असतील याची कल्पना करा.

ताराबाईंना राजकोटला नोकरी मिळाली. शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. पगार, मान, घर, सगळं जागेवर. दुसऱ्या कुणी इथेच आयुष्य काढलं असतं.

पण तिथून जवळच, भावनगरमध्ये, एक वेगळाच प्रयोग चालू होता. गिजुभाई बधेका नावाच्या वकिलाने वकिली सोडून मुलांची शाळा काढली होती. १९२० मध्ये सुरू झालेल्या या शाळेचं नाव दक्षिणामूर्ती बालमंदिर. इथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. मुलं स्वतः वस्तू हाताळत आणि शिकत. या सगळ्याच्या मागे इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांचा विचार होता.

मॉन्टेसरीबाईंचं काम थोडक्यात समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

१९०७ साली त्यांनी रोममधल्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. त्यांचं निरीक्षण असं, की लहान मूल आधी हाताने शिकतं, डोक्याने नंतर. म्हणून त्यांनी खास साधनं बनवली. एकावर एक रचायचा गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा, पॉलिश पेपरची खरखरीत अक्षरं, आणि लाकडी पट्टीतल्या खाचांमध्ये बसवायचे जाड-बारीक दट्टे. दट्ट्यांची गंमत अशी, की चुकीच्या खाचेत दट्टा घातला तर तो बसत नाही, नाहीतर आत डुगडुगतो. म्हणजे चूक झाली हे मुलाला वस्तूच सांगते. बाईंना ओरडावं लागत नाही.

ताराबाईंनी प्राचार्यपद सोडलं आणि १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. पदरात लहान मुलगी होती. त्यामुळे मुलाने कसं शिकावं हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकातला नव्हता, घरातलाच होता.

पुढची नऊ वर्षं त्या तिथे होत्या. मुलं बघितली, साधनं वापरली, शिक्षक घडवले. १९२६ मध्ये गिजुभाईंसोबत नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे मुंबईला परतल्यावर १९३३ मध्ये शिक्षण पत्रिकेची मराठी आवृत्ती सुरू केली. मूल हट्ट का करतं, त्याला मारू का नये, त्याच्या हाताला काय काम द्यावं, हे मराठी आईबापांना मराठीत सांगायला सुरुवात केली. १९३६ मध्ये दादरला शिक्षक घडवणारं अध्यापन मंदिरही सुरू झालं.

सगळं छान चाललं होतं. पण एक गोष्ट खटकत होती.

ही बालमंदिरं शहरातली होती आणि मुलं शिकल्या-सवरलेल्या घरातली. साधनं सुताराकडून मोजून-मापून बनवून घ्यावी लागत, ती महाग पडत. गंमत बघा, जी पद्धत रोमच्या गरीब वस्तीत जन्माला आली, ती भारतात येईपर्यंत पैसेवाल्यांची झाली होती. गांधीजी १९३१ मध्ये लंडनला मॉन्टेसरीबाईंना भेटले, तेव्हा त्यांनीही हे शिक्षण गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचावं अशीच इच्छा व्यक्त केली होती.

मग १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी मुंबई सोडली आणि बोर्डी गाठलं. बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मदतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालेलं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेलं. त्यातून शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. पुण्यातली नोकरी सोडून त्या ताराबाईंसोबत राहिल्या, त्या कायमच्याच.

बोर्डीत शाळा उघडली खरी, पण मुलं येईनात. आईबाप कामावर जायचे. थोरली पोर धाकट्याला काखेत घेऊन फिरायची. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या शाळा बघितलीच नाही, ते घर आपलं तीन वर्षांचं मूल कशाला पाठवेल?

तेव्हा ताराबाईंनी प्रश्न उलटा केला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाकडे जाईल. शिक्षिका वाडीवर जाऊ लागल्या. मुलांना अंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि तिथेच कुणाच्या तरी अंगणात गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. अंगणात भरते ती अंगणवाडी.

आणि साधनं? ती आजूबाजूला पडलेलीच होती. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, फुलं, काड्या, माती. मोजायला बिया, लावायला आणि जुळवायला शिंपले, रंग ओळखायला फुलं-पानं, आकार घडवायला माती.

आता तुम्ही म्हणाल, हे म्हणजे पैसे नाहीत म्हणून केलेली तडजोड. तर तसं नाही. ताराबाईंनी मॉन्टेसरी पद्धत मोडीत काढली नव्हती, त्यांनी तिच्यातला गाभा उचलला होता. लाकडी ठोकळ्याचं काम काय, तर मुलाला लहान-मोठं, जड-हलकं, गुळगुळीत-खरखरीत हा फरक हाताने कळावा. ते काम शिंपला करत असेल तर ठोकळा इटलीच्या मापाचाच हवा असं काही नाही. शिवाय शिंपला मुलाच्या ओळखीचा. त्याचं जगणं आणि त्याचं शिकणं यांच्यात भिंत उभी राहत नाही.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. तिथे नवी अडचण. मुलं दिवसभर गुरांमागे रानात. मग शाळाही रानात गेली आणि तिचं नाव पडलं कुरणशाळा. थोरल्या मुली भावंडं सांभाळायची म्हणून शाळा बुडवत, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. हीच विकासवाडी.

म्हणजे इथे अभ्यासक्रम आधी छापून आणला नव्हता. मुलाचा दिवस कसा जातो हे आधी बघितलं आणि त्या दिवसात शिक्षण बसवलं.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. अनुताईंनी कोसबाडचं काम पुढे नेलं. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात अशा सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत.

आता परत येऊ तुमच्या मोबाईलमधल्या त्या तीन टॅबकडे.

ताराबाईंचं काम नीट बघितलं तर किट घेण्याआधी विचारायचे तीन प्रश्न मिळतात. पहिला, ही वस्तू मुलाच्या हाताला नेमकं काय शिकवते? ते सांगता येत नसेल तर ती नुसती शोभेची. दुसरा, चूक झाली तर मुलाला ती स्वतःला कळते का? डब्यांना त्यांची त्यांची झाकणं लावायला दिलीत तरी हे साधतं. चुकीचं झाकण बसतच नाही. तिसरा, हे आपल्या घरात आधीच आहे का? वाटाणे सोलणं, डाळी निवडणं, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं, कणकेचा गोळा मळणं, ही सगळी हाताची कामंच आहेत. फक्त तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर बिया आणि मणी दूर ठेवा, कारण ते नाका-तोंडात जातात.

आणि एक गोष्ट विसरू नका. ताराबाईंनी साधनं स्वस्त केली, पण माणूस स्वस्तात तयार होईल असं कधी मानलं नाही. भावनगर, दादर, बोर्डी, कोसबाड, जिथे गेल्या तिथे त्यांनी आधी शिक्षक घडवले. कारण शिंपल्याचं शैक्षणिक साधन होतं ते शेजारी बसून मुलाकडे शांतपणे बघणाऱ्या माणसामुळे.

त्यामुळे किट घ्यायचं तर खुशाल घ्या. पण ते ठेवून दिल्यावर रोज अर्धा तास मुलाशेजारी, मोबाईल बाजूला ठेवून, कोण बसणार आहे, हे आधी ठरवा. ते ठरलं की उद्या सकाळी मुठभर चवळी आणि चार वाट्या घेऊनही सुरुवात होते.