लुइजी गॅल्व्हानी

बिंदुसरेच्या कांठीं पावसाळ्यांत ओरडणारा बेडूक पाहून कोणास थोर पुरुषाची आठवण होत नसेल. आम्हांस मात्र गॅल्व्हानींची होते.

त्यांचा जन्म इटलींतील बोलोन्या शहरीं ९ सप्टेंबर १७३७ रोजीं झाला. वैद्यकाची पदवी घेऊन ते तेथेंच शरीरशास्त्र शिकवूं लागले. गुरुकन्या लुचिया ही त्यांची पत्नी व प्रयोगांतील सोबतीण. एके दिवशीं विद्युद्यंत्रांतून ठिणगी उडाली. त्याच क्षणीं साहाय्यकाच्या सुरीचें टोंक मेलेल्या बेडकाच्या उघड्या मज्जातंतूस लागलें होतें, आणि पाय ताडकन् आखडला. दुसरा असता तर हंसून पुढें गेला असता. गॅल्व्हानींनीं यावर वर्षानुवर्षें प्रयोग केले व १७९१ त ग्रंथ लिहून प्राण्याच्या देहांतच वीज असते असें प्रतिपादिलें.

पाव्हियाच्या व्होल्टांस तें पटेना. ही वीज दोन भिन्न धातूंच्या संयोगानें होते, असें त्यांचें म्हणणें. तेंही खोटें नव्हतें. त्यांतूनच १८०० सालीं विजेची बॅटरी निघाली. गॅल्व्हानींनीं धातूवांचूनही स्नायू आखडवून दाखविला, पण लोकांचें लक्ष व्होल्टांकडे गेलें.

नेपोलियनच्या विजयानंतर आलेल्या राजवटीनें प्राध्यापकांकडून निष्ठेची शपथ मागितली. ती धर्मबुद्धीस मानवेना म्हणून गॅल्व्हानींनीं घेतली नाहीं आणि १७९८ त त्यांची जागा गेली. पुढें त्यांस परत घेण्याचें ठरलें, परंतु तत्पूर्वींच ४ डिसेंबर १७९८ रोजीं ते वारले. त्यांचें थोरपण आम्हांस बेडकापेक्षां येथें अधिक दिसतें.

१८४९ त बर्लिनच्या द्यु ब्वा-रेमों यांनीं माणसानें हात आवळतांच स्नायूंत वीज उत्पन्न होते हें यंत्रानें दाखविलें. ती व्होल्टच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास असते. मापाला नांव प्रतिपक्षाचेंच, हा दैवाचा विनोद!

कडबा कापण्याच्या यंत्रांत हात गमावलेला मनुष्य ज्यांनीं आपल्या जिल्ह्यांत पाहिला असेल, त्यांनीं पुढील गोष्ट नीट वाचावी. पंजा गेला तरी मूठ मिटण्याची आज्ञा उरलेल्या स्नायूंपर्यंत पोंचते. कातडीवर टेकलेल्या धातूच्या चकत्या तेथील वीज टिपतात, यंत्र ती वाढवितें, आणि मोटार कृत्रिम बोटें मिटविते. म्युनिचच्या राइटरांनीं १९४० नंतरच्या दशकांत असा पहिला हात केला. पुण्यास १९४४ पासून कृत्रिम अवयवांचें केंद्र आहे. स्नायूंच्या विजेवर चालणारा हात मात्र फार महाग पडतो, म्हणून पुष्कळांस अद्याप साध्या हातावरच भागवावें लागतें.