कारागिरांचा पिता : धन्यवादित अॅडॉल्फ कोल्पिंग

दरवर्षी ४ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा धन्यवादित अॅडॉल्फ कोल्पिंग यांचे स्मरण करते. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे परिचित नाही. तथापि, घरातील कर्ता पुरुष बेकार झाला, व्यसनाच्या आहारी गेला किंवा मुलांपासून दुरावला की कुटुंबाची कशी वाताहत होते, हे आपण सर्वच जाणतो. अशा तरुणाला तो पिता होण्यापूर्वीच सावरले पाहिजे, त्याच्या हाताला कसब आणि मनाला वळण एकाच वेळी दिले पाहिजे, हा विचार कोल्पिंग यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी प्रत्यक्षात उतरविला. म्हणूनच त्यांची जीवनकथा आज आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत.

अॅडॉल्फ कोल्पिंग यांचा जन्म ८ डिसेंबर १८१३ रोजी जर्मनीतील कोलोन शहराजवळच्या केर्पेन या गावी झाला. ऱ्हाईन नदीचा तो तीर त्या वेळी फ्रेंच सत्तेखाली होता. १८१५ साली तो प्रशियाकडे गेला. वडील पीटर कोल्पिंग दुसऱ्यांची मेंढरे राखीत. घरात पाच मुले, छोटेसे घर आणि थोडीशी जमीन. संपत्ती नव्हती; पण आईवडिलांचे प्रेम, नियमित प्रार्थना आणि कष्टाची सवय होती. पुढे आयुष्यभर कोल्पिंग कुटुंबाविषयी ज्या तळमळीने बोलले व लिहिले, त्याचे मूळ या घरात होते.

मुलगा हुशार होता. त्याला शिकायचे होते. पण मेंढपाळाच्या मिळकतीत उच्च शिक्षण परवडणारे नव्हते. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि अॅडॉल्फ जोडे शिवणाऱ्या उस्तादाकडे उमेदवारी करू लागला. तीन वर्षांनी तो तयार कारागीर झाला आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे कामासाठी गावोगाव फिरत अखेर कोलोनला पोहोचला. सुमारे दहा वर्षे त्याने हा धंदा केला.

या दहा वर्षांत त्याने जे पाहिले ते तो कधीच विसरला नाही. पूर्वी कारागीर उस्तादाच्या घरीच राहत असे, त्याच्या पंगतीला जेवत असे. घरातील शिस्त आणि जिव्हाळा दोन्ही त्याला मिळत. व्यवसायसंघांची जुनी व्यवस्था मोडली, कारखाने वाढू लागले आणि हे नाते तुटले. कारागीर म्हणजे केवळ मजुरीचे दोन हात, असे मानले जाऊ लागले. दिवसभर राबून तो संध्याकाळी कोंदट खोलीत परते किंवा दारूच्या गुत्त्यात बसे. परगावी त्याची विचारपूस करणारे कोणी नव्हते. याच तरुणांची पुढे लग्ने होत, मुले होत. आणि स्वतःला सांभाळू न शकणारा पुरुष घर कसे सांभाळणार, हा प्रश्न उभा राही.

कोल्पिंग यांना याजक होण्याची ओढ लागली. दिवसा काम व रात्री अभ्यास अशी कसरत करताना प्रकृती ढासळली, तरी त्यांनी धीर सोडला नाही. १८३७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी कोलोनच्या विद्यालयात प्रवेश घेतला. आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या शेजारी हा प्रौढ कारागीर बाकावर बसला. साडेतीन वर्षांत त्यांनी तेथील अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यानंतर म्युनिक, बॉन आणि कोलोन येथे ईशज्ञानाचे शिक्षण झाले. १३ एप्रिल १८४५ रोजी कोलोनच्या मिनोरिटेन चर्चमध्ये त्यांना याजकीय दीक्षा मिळाली. हा आनंदाचा दिवस दुःखाची छाया घेऊनच उजाडला. दीक्षाविधीच्या आदल्याच दिवशी त्यांचे वडील देवाघरी गेले होते. आपल्या मुलाला वेदीसमोर उभे असलेले पाहण्याचे भाग्य त्या मेंढपाळ पित्याला लाभले नाही.

फादर कोल्पिंग यांची नेमणूक एल्बरफेल्ड येथे झाली. हे शहर आज वुपर्टालचा भाग आहे. कापडाच्या गिरण्यांमुळे ते भराभर वाढत होते आणि त्याबरोबर दारिद्र्यही वाढत होते. शेजारच्याच बार्मेन येथे फ्रेडरिक एंगेल्स यांचा जन्म झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या परिसरातील कामगारांच्या स्थितीची कल्पना येते. एल्बरफेल्डमध्ये योहान ग्रेगोर ब्रॉयर नावाच्या शिक्षकाने गायनासाठी जमणाऱ्या तरुण कारागिरांना एकत्र करून १८४६ साली एक संघ सुरू केला होता. फादर कोल्पिंग तेथे जाऊ लागले आणि १८४७ साली संघाने त्यांनाच अध्यक्ष निवडले. आपण ज्याच्या शोधात होतो ते हेच, अशी त्यांची खात्री पटली.

मात्र एका गावातील संघ पुरेसा नव्हता. कारागीर फिरता, आज येथे तर उद्या दुसऱ्या शहरी. म्हणून प्रत्येक शहरात त्याच्यासाठी उघडे दार असायला हवे होते. १८४९ साली कोल्पिंग कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये सेवेसाठी आले आणि ६ मे रोजी केवळ सात कारागिरांना घेऊन त्यांनी तेथे कारागीर संघ स्थापन केला. क्रांतीच्या वाऱ्याने युरोप हादरला होता. याच शहरातून कार्ल मार्क्स यांचे वृत्तपत्र निघत होते आणि त्याच महिन्यात ते बंद पडले. कामगारांचे प्रश्न दोघांनाही दिसत होते. मार्ग मात्र वेगळे होते. समाज बदलायचा तर आरंभ माणसापासून व त्याच्या घरापासून करावा, अशी कोल्पिंग यांची धारणा होती.

संघाचे कार्य कसे चाले, हे समजून घेण्यासारखे आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या अविवाहित कारागिरांना संघात प्रवेश मिळे. संध्याकाळी व रविवारी ते एकत्र जमत. लेखन, वाचन, हिशेब आणि धंद्याला लागणारी रेखाटने यांचे वर्ग भरत. धर्मशिक्षण होई, त्याचबरोबर गायन, खेळ आणि मनमोकळा विनोदही असे. मिळकतीतील थोडा भाग साठविण्यासाठी बचतपेढी होती. आजारी सभासदाची काळजी घेतली जाई. राजकीय वादांना संघात जागा नव्हती. १८५३ साली कोलोनमध्ये कारागिरांसाठी वसतिगृह सुरू झाले. परगावाहून आलेल्या तरुणाला तेथे स्वच्छ बिछाना, गरम जेवण आणि आपुलकीचा शब्द मिळे. पोटाचा, बुद्धीचा आणि आत्म्याचा विचार येथे वेगवेगळा केला जात नसे.

या साऱ्यामागील हेतू स्पष्ट होता. आजचा कारागीर उद्याचा उस्ताद, उद्याचा नागरिक आणि उद्याचा पिता आहे. चांगला पिता होण्याची तयारी लग्नाच्या दिवशी सुरू होत नाही. ती कामातील प्रामाणिकपणा, पैशाचा हिशेब, जिभेवरील ताबा आणि दिलेला शब्द पाळण्याची सवय यांतून आधीच घडत असते. कोल्पिंग यांनी संघालाच कुटुंबाचे रूप दिले. ज्यांना घर नव्हते त्यांनी घर म्हणजे काय हे येथे अनुभवले आणि पुढे आपापले घर उभारले. नाझरेथच्या सुताराला, संत योसेफला, त्यांनी संघाचा आश्रयदाता मानले, यात नवल नाही.

फादर कोल्पिंग यांची लेखणीही अविरत चालू होती. १८५४ साली त्यांनी घर, कुटुंब आणि कारागिरी यांना वाहिलेले साप्ताहिक सुरू केले. साध्यासोप्या कथा व लेखांतून ते घराघरांत पोहोचले. म्युनिक, व्हिएन्ना अशा शहरांचा प्रवास करून त्यांनी कार्याचा विस्तार केला. १८६२ साली ते मिनोरिटेन चर्चचे प्रमुख झाले. सततच्या श्रमाने शरीर मात्र खंगत गेले. ४ डिसेंबर १८६५ रोजी, बावन्नावा वाढदिवस चार दिवसांवर असताना, त्यांनी देह ठेवला. सात जणांपासून सुरू झालेल्या कार्याचे तोवर ४०० हून अधिक संघ झाले होते. ज्या मिनोरिटेन चर्चमध्ये त्यांना दीक्षा मिळाली, तेथेच त्यांची समाधी आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० साली त्या समाधीचे दर्शन घेतले आणि २७ ऑक्टोबर १९९१ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले.

आज भारतासह अनेक देशांत कोल्पिंग यांच्या नावाने बचत, व्यवसाय-शिक्षण आणि कुटुंब-विकासाचे कार्य चालते. संकटात सापडलेल्या पित्यांना पालकत्वाचे धडे आणि रोजगाराची तयारी एकत्र देणारे उपक्रमही आता अनेक ठिकाणी दिसतात. त्यांतील मर्म कोल्पिंग यांनी आपल्या उमेदवारीच्या दिवसांत ओळखले होते. भरकटलेल्या पुरुषाला दोष देणे सोपे असते. पण त्याच्या हाताला काम नसेल, संध्याकाळी बसायला चांगली जागा नसेल आणि त्याची वाट पाहणारे कोणी नसेल, तर केवळ उपदेशाने तो सुधारेल अशी अपेक्षा आपण कशी करावी?

स्वतः अपत्यहीन असलेल्या या याजकाला लोक कारागिरांचा पिता म्हणू लागले. आपल्या धर्मग्रामातही असा एखादा तरुण, असा एखादा पिता असेल. या ४ डिसेंबरला त्याच्यासाठी प्रार्थना करू या. आणि प्रार्थना करून उठल्यावर त्याचे दार ठोठावू या.