कुंभकोणमचे रामानुजन

थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म १८८७ साली इरोड येथे झाला. बालपण मात्र कावेरीकाठच्या कुंभकोणमला, सारंगपाणी मंदिराजवळील घरात गेले. १९०६ मध्ये मद्रासला शिकताना त्यांना आमांश झाला. पुढे १९१७ साली इंग्लंडमध्ये ज्वर जडला. डॉक्टरांनी बहुधा क्षयच मानला. १९१९ मध्ये ते मायदेशी परतले. देह झिजत असतानाही त्यांनी ‘मॉक थीटा’ फलने शोधली! २६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

१९९४ मध्ये अभ्यासक डी. ए. बी. यंग यांनी जुन्या नोंदी तपासून निराळे मत मांडले: तो आमांशाच्या अमीबांमुळे झालेला यकृतदाह असावा. हे अमीबा वर्षानुवर्षे शरीरात दडून राहतात. यकृतात शिरल्यावर त्यांच्याशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांतील द्रव्यांनी यकृताचीच हानी होते. हळहळ वाटते ती याची, की त्यावरील एमेटिन हे औषध १९१२ पासून ठाऊक होते.