कुर्ल्याची गाडी, जव्हारचा पाना

गेल्या महिन्यात जव्हारला गेले होते. बाबा गेल्यापासून ते घर बहुतेक वेळ बंदच असतं. दार उघडायचं, जाळी-जळमटं काढायची, चुलीवर चहा ठेवायचा आणि मग मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये डोकवायचं, हा माझा ठरलेला क्रम. शेडमध्ये आमची फियाट उभी आहे. १९६७ ची, फियाट ११००. बाबांनी ती जुनीच घेतली होती, १९७५ मध्ये, दवाखान्याच्या कामासाठी. यावेळी भाच्याचा फोन आला. भंगारवाल्याशी तो बोलून ठेवणार होता, लोखंडाच्या भावानं गाडी जाईल म्हणे. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवला आणि बॉनेट उघडून बसले.

मैत्रिणींनो, त्या बॉनेटखाली माझं अर्धं बालपण आहे.

आईचं माहेर नाशिकचं. मे महिन्यात आम्ही जव्हारहून मोखाडामार्गे निघायचो. मोखाडा मागे पडलं, की त्र्यंबकच्या आधी तोरंगण घाट लागतो. त्या चढावर आमची फियाट हमखास रुसायची. आधी धक्के द्यायची, मग गप्प. बाबा शांतपणे उतरायचे. उन्हानं आणि इंजिनाच्या आचेनं पंपातल्या पेट्रोलची वाफ झालेली असायची. वाफ पंपाला ओढता येत नाही, मग कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचणार कसं? उपाय सोपा होता. आईच्या जुन्या नऊवारीचा एक तुकडा डिकीत कायम असायचा. तो ओला करून पंपावर ठेवायचा आणि पंधरा-वीस मिनिटं झाडाखाली बसायचं.

१९७८ च्या मे महिन्यात मात्र फॅनबेल्टच तुटला आणि रेडिएटर उकळला. आमच्याकडचं पाणी संपलेलं. तेवढ्यात वरच्या पाड्याकडे निघालेली एक बाई दिसली, डोक्यावर हंडा. आईनं विचारायच्या आधीच तिनं हंडा खाली उतरवला. बाबांनी आधी इंजिन निवू दिलं, जाड फडकं धरून झाकण हळूहळू सैल केलं आणि मग तांब्या-तांब्यानं पाणी ओतलं. अर्धा हंडा त्यात गेला. ती बाई काही न बोलता उरलेला हंडा घेऊन चढाला लागली. आईला फार लागलं ते. तिथल्या बायका पाण्यासाठी किती चालतात, हे ती रोज दवाखान्यात ऐकत होती. त्या दिवसापासून आमच्या गाडीत पाण्याचा कॅन आणि जादा फॅनबेल्ट कायम राहिला.

बेल्ट बसवताना बॉनेटखालच्या पट्टीवरची अक्षरं मी वाचली. प्रीमिअर ऑटोमोबाइल्स, मुंबई. फियाट तर इटलीची ना, मग मुंबई कशाला? बाबांनी तेव्हा मला पहिल्यांदा वालचंद हिराचंद यांचं नाव सांगितलं. पुढे मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं गुजराती दिगंबर जैन, दोशी आडनावाचं, मूळचं सौराष्ट्रातलं. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. मुलगा शिकायला मुंबईला, पुण्याला गेला, पण शिक्षण अर्धवट सोडून धंद्यात आला. आला खरा, पण पेढीवर बसण्यात त्याचं मन रमेना. लक्ष्मणराव फाटक नावाचे एक गृहस्थ रेल्वेतली कारकुनी सोडून कंत्राटं घेऊ पाहत होते. त्यांच्याकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल उभं करायची ऐपत. दोघांची जोडी जमली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात झाली. वाण्याच्या घरातला मुलगा माती आणि खडी मोजू लागला! घरच्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना आपल्यासारख्यांना सहज करता येईल.

पुढे ही कंत्राटदारी खूप वाढली. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम त्यांच्या कंपनीनं केलं. तानसा तलावातलं पाणी मुंबईला नेणारे नळ टाकण्याचं कामही केलं. हे वाचलं तेव्हा मला घाटातली ती हंडेवाली आठवली. तानसा, वैतरणा, सगळं आमच्या बाजूचं पाणी. ते नळातून मुंबईला पोचलं, पण मोखाड्याच्या पाड्यांवरच्या बायकांची पायपीट आजही पुरती संपलेली नाही. हा दोष एकट्या कंत्राटदाराचा नव्हे. पण मोठ्या माणसाचं चरित्र वाचताना आपली बाई कुठे उभी आहे, हेही बघावं, असं मला वाटतं.

पहिलं महायुद्ध संपलं आणि वालचंदांना जहाजांचं वेड लागलं. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं लॉयल्टी नावाचं जहाज विक्रीला होतं. युद्धात त्याचं इस्पितळ केलेलं होतं. वालचंदांनी नरोत्तम मोरारजींसारख्या भागीदारांना बरोबर घेऊन ते विकत घेतलं आणि सिंदिया कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळतात, तो त्या सफरीमुळे. सगळा समुद्र तेव्हा इंग्रज कंपन्यांच्या मुठीत. त्यांनी भाडी इतकी पाडली, की नव्या कंपनीनं गुडघे टेकावेत. वालचंद टिकून राहिले, तडजोडी करत, भांडत.

शेतीतही त्यांनी हात घातला. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावला माळरान घेतलं, तिथे ऊस लावला, साखर कारखाना काढला. लहानपणी आपण चघळलेली रावळगावची चॉकलेटं त्याच गावची. पुणे जिल्ह्यातलं वालचंदनगरही असंच उभं राहिलं.

पण माझं लक्ष अडकलं ते त्यांच्या एका हट्टापाशी. परदेशातून वस्तू आणून विकण्यात त्यांना समाधान नव्हतं. ती इथे बनली पाहिजे, हा ध्यास. १९३९ मध्ये एका अमेरिकन विमान कंपनीच्या माणसाशी त्यांची प्रवासात गाठ पडली, त्यातून विमानाच्या कारखान्याची कल्पना निघाली. म्हैसूर संस्थानानं साथ दिली आणि १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू झाली. दीड वर्षही झालं नव्हतं, तोच १९४२ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली. युद्धाच्या धामधुमीत नवी विमानं बांधणं मागे पडलं आणि तिथे दोस्तांच्या विमानांची दुरुस्ती सुरू झाली. वालचंदांना हे किती खटकलं असेल! पण मला वाटतं, त्या दुरुस्तीच्या कामातच आपल्याकडचे हात तयार झाले. उघडायचं, बघायचं, पुन्हा जोडायचं. आज आपण तोच कारखाना एचएएल म्हणून ओळखतो.

विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची कोनशिला १९४१ मध्ये बसली. पुढच्याच वर्षी त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले. तरी काम सोडलं नाही. १९४८ मध्ये तिथून जलउषा हे जहाज पाण्यात उतरलं. पुढे ती गोदीही सरकारकडे गेली.

आणि मोटार? तिची कथा सगळ्यांत चिवट. फोर्डशी बोलणी जमली नाहीत, मग क्रायस्लरशी करार केला. म्हैसूरच्या विश्वेश्वरय्यांचाही मोटार कारखान्याला पाठिंबा होता. पण इंग्रज सरकारला हिंदुस्थानात मोटार बनायला नको होती, युद्धाचं निमित्त पुढे केलं गेलं. वालचंद थांबले नाहीत. १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली, कुर्ल्याला कारखाना आला. सुरुवातीला परदेशी सुटे भाग आणून गाड्या जोडत. मग एकेक भाग इथेच करायला सुरुवात झाली. इथे फक्त जुळणी करून गाड्या विकणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सनी १९५३-५४ च्या सुमारास गाशा गुंडाळला. प्रीमिअर मात्र टिकली, कारण तिनं भाग बनवायचं मनावर घेतलं होतं. फियाटशी करार वालचंदांच्या हयातीतच झाला होता, छोटी फियाट ५०० आधी आली.

अकराशे रस्त्यावर आली ती मात्र त्यांनी पाहिली नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. सतत फिरणारा माणूस अंथरुणाला खिळला. १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज सांगलीला आहे, आणि कस्तुरबाईंच्या नावाचंही कॉलेज तिथेच आहे. कारखान्यांच्या इतिहासात बायकोच्या वाट्याला दोन ओळी येतात. त्या शेवटच्या वर्षांबद्दल निदान एवढं तरी नोंदवून ठेवायला हवं.

पुढे अकराशेचं रूप थोडंथोडं बदलत गेलं आणि १९७४ पासून ती प्रीमिअर पद्मिनी झाली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. खरं सांगायचं तर ती काही परिपूर्ण गाडी नव्हती. नवी घ्यायची तर वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे आणि स्पर्धा नसल्यानं कारखान्यानं सुधारणाही फारशा केल्या नाहीत. २००० च्या सुमारास ती बनणं थांबलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली.

पण जव्हारसारख्या गावात या गाडीचा अर्थ वेगळा होता. तिचे भाग मिळायचे आणि ती दुरुस्त करणारा माणूस गावातच असायचा. आमचे मिस्त्रीकाका शाळा फारशी शिकलेले नव्हते. ठाण्याहून एसटीनं प्लग, पॉइंट, बेल्ट मागवायचे. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट पॉलिश पेपरनं घासायचे आणि मधलं अंतर बोटाला जाणवेल तसं लावायचे. रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन नाशिकला निघायचं असेल, तर बाबा आधी त्यांनाच हाक मारायचे. परदेशी गाडी असती, तर एका भागासाठी महिनाभर उभी राहिली असती, आणि त्या महिन्यात कोणाचं काय झालं असतं, कोण जाणे. एखादी वस्तू आपली कधी होते? तिच्या दुरुस्तीचा पाना आपल्या हातात येतो तेव्हा. वालचंदांच्या त्या हट्टाचं फळ आमच्या घाटात असं पोचलं होतं.

मला ते सगळं काकांनी शिकवलं. मुलगी आहे म्हणून बाजूला सारलं नाही. उलट पाना हातात देऊन प्लग काढायला लावला. काळे पडलेले हात घेऊन घरी गेले की आई रागवायची, आणि मग तीच रॉकेलचं फडकं आणून द्यायची.

तर त्या दिवशी मी बॉनेटपाशी बसले. बॅटरी तर मेलेलीच होती, शेजाऱ्यांच्या जीपची मागून आणली. प्लग काढून पुसले. पॉइंटवर गंज होता, तो घासला. कार्बोरेटरचा जेट उघडून फुंकला. टाकीतलं शिळं पेट्रोल काढून ताजं घातलं. मिस्त्रीकाका आता थकलेत, खुर्चीवर बसून नुसतं बघत होते. तिसऱ्या किल्लीला इंजिन खोकलं, पाचव्याला लागलं. काकांनी मान तिरकी करून आवाज ऐकला आणि एक व्हॉल्व्ह वाजतोय म्हणून हातानंच खूण केली.

भाच्याला रात्री फोन केला. गाडी विकायची नाही, असं सांगितलं. पुढच्या मे महिन्यात तू ये, तोरंगण घाट चढू, असंही सांगितलं. डिकीत जादा बेल्ट ठेवलाय, नऊवारीचा तुकडाही आहे. आणि यावेळी पाण्याचे दोन कॅन भरून घेणार आहे. एक गाडीसाठी, आणि दुसरा वाटेत कोणाचा हंडा रिकामा दिसला तर त्यासाठी.