बेड्या तोडणारा स्थानबद्ध

कॉ. शामराव परुळेकर १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळावर निवडून गेले, हे आज आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? पुढे ते कम्युनिस्ट झाले. पण शोषितांची बाजू त्यांनी सोडली नाही.

अमेरिकेने १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली. त्यानंतर ८० वर्षांनीही डहाणू-तलासरीचा वारली लग्नाच्या कर्जापायी ‘लग्नगडी’ म्हणून सावकाराकडे राबत होता. मे १९४५ मध्ये झरी गावच्या परिषदेत शामराव व गोदावरीताईंच्या नेतृत्वाखाली हजारो वारल्यांनी वेठ नाकारली. वेठबिगारीला बंदी घालणारे संविधानाचे कलम २३ त्यानंतरचे!

संविधानाचे कलम २२ अटक झालेल्याला वकील देते, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेते. मात्र प्रतिबंधक स्थानबद्धाला तेच कलम हे दोन्ही हक्क नाकारते. १९६५ साली शामरावांचे निधन झाले ते अशाच स्थानबद्धतेत, खटल्याविना. दुसऱ्यांच्या बेड्या तोडणाऱ्याला स्वतःची बाजू मांडायला न्यायालय मिळाले नाही.

आम्ही वकील कलम २३ चा अभिमान सांगतो. स्थानबद्धालाही वकील व न्यायाधीश मिळावा, ही मागणी लावून धरू, तेव्हाच शामरावांना आमचे अभिवादन खरे ठरेल.