विश्लेषण : कवटीवरून बुद्धी ठरते का? इरावती कर्वेंनी बर्लिनमध्ये काय सिद्ध केले?

नागपूर : ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून इरावती कर्वे घराघरांत माहीत आहेत. पण त्याच्या कितीतरी आधी, विशीत असताना, त्यांनी जर्मनीत वंशश्रेष्ठत्वाचा एक दावा मोजपट्टीवर तपासला होता.

कोण होत्या इरावती?

जन्म १५ डिसेंबर १९०५, ब्रह्मदेशातील म्यिंजान. नाव तिथल्या इरावती नदीवरून. सातव्या वर्षी त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिकायला आल्या. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे संशोधन केले. महर्षी कर्वे यांचे पुत्र दिनकर हे त्यांचे पती. परदेशी जाण्यास सासऱ्यांचा विरोध होता, पण पती पाठीशी राहिले. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या.

बर्लिनमध्ये काय घडले?

मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशधोरणाला आधार देणारे हेच शास्त्रज्ञ. गोरे युरोपीय अधिक तर्कनिष्ठ असतात आणि ते कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेत दिसते, असा त्यांचा कयास होता. इरावतींनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता आढळली, पण तिचा वंशाशी संबंध आढळला नाही. गुरूच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात तसाच मांडला.

आजचे विज्ञान काय सांगते?

मेंदू कसा घडतो याचे उत्तर हाडात नाही, जनुकांच्या नियंत्रणात आहे. जनुक म्हणजे दिवा मानला, तर डीएनएचे काही तुकडे त्याचे स्विच असतात. दिवा कधी, कुठे आणि किती वेळ लागणार, हे स्विच ठरवतो. माणूस आणि चिंपांझी यांची प्रथिने जवळपास सारखीच असल्याने फरक मुख्यतः अशा नियंत्रणात असावा, असे किंग आणि विल्सन यांनी १९७५ मध्ये सुचवले. ‘हेअर-५’ हा असाच एक स्विच. २०१५ मधील प्रयोगात त्याची मानवी आवृत्ती मिळालेल्या उंदरांच्या गर्भाचा मेंदू चिंपांझीची आवृत्ती मिळालेल्यांपेक्षा सुमारे १२ टक्के मोठा झाला.

मग वंशाचे काय?

माणसाला चिंपांझीपासून वेगळे करणारे असे बहुतेक बदल जगभरच्या माणसांत सारखेच आहेत. म्हणजे ते गोऱ्या-काळ्यांत भेद करत नाहीत.

पुढे काय झाले?

इरावती १९३० मध्ये परतल्या. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात शिकवले, महाराष्ट्रभर फिरून समाजाचा अभ्यास केला. ‘युगान्त’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. जनुकांचे स्विच सापडण्यापूर्वीच, केवळ मोजमापाच्या जोरावर त्यांनी तो दावा टिकत नसल्याचे दाखवले होते.